रात्रीच्या मुक्कामासाठी नांगर टाकताना

पहिल्याच लांबच्या सफरीत मी नांगर टाकण्याची जागा केवळ डोळ्यांना सुखावली म्हणून निवडली होती. संध्याकाळी खाडीचे पाणी आरशासारखे शांत होते. मध्यरात्रीनंतर वाऱ्याने दिशा बदलली, होडी फिरली आणि नांगर तळावरून घसरू लागला. घाईघाईने तो वर ओढला तेव्हा त्याच्या फाळांना समुद्रगवताचा मोठा पुंजका अडकलेला होता. म्हणजे नांगर तळात रुतलाच नव्हता, तो गवतावर नुसता टेकला होता.

पुढच्या मुक्कामाची तयारी म्हणून मी दुपारीच नकाशा उघडून बसलो. वारा आत्ता कोणत्या दिशेने वाहतो यापेक्षा पहाटे तीन वाजता तो कोठून येईल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटू लागला होता. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे रात्री पडतात आणि जमिनीकडून मतलई वारे सुटतात, त्यामुळे एकाच बाजूचा आडोसा पुरत नाही. शिवाय वारा अडवणारे भूशिर लाटा अडवतेच असे नाही. दूरवरून येणाऱ्या संथ लाटा त्याला वळसा घालून आत शिरतात आणि वारा नसतानाही होडी रात्रभर डोलत राहते. म्हणून दोन जागा बाद करून तिसरी ठरवली आणि उजेड असतानाच तेथे पोहोचलो, कारण पाण्यातले खडक आणि गवताचे काळपट पट्टे अंधारात दिसत नाहीत.

नकाशावर तळ वाळूचा दाखवला होता, तरी खात्री करून घेण्यासाठी शिशाच्या वजनाच्या तळाशी चरबी लावून ते दोरीने खाली सोडले. वर आले तेव्हा चरबीत बारीक, करडी वाळू चिकटलेली होती. ते चार कण बोटांवर चोळून पाहताना मला जे समाधान वाटले, ते कोणत्याही यंत्राच्या आकड्याने दिले नसते.

ओहोटी संपत आली होती आणि खोली ४ मीटर होती. भरतीला पाणी आणखी अडीच मीटर चढणार होते आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच होती, म्हणून हिशेब साडेसात मीटरांचा धरायचा होता. साखळी त्याच्या किमान पाचपट हवी, या नियमाने मी ४० मीटर सोडली. मग होडीची लांबी मिळवून नांगराभोवती सुमारे ५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ मोकळे आहे का, हे पाहिले. शेजारच्या होडीपासूनचे अंतर मला अपुरे वाटले, तेव्हा कंटाळा न करता नांगर उचलला आणि थोडा दूर पुन्हा टाकला.

इंजिन हळूहळू मागे चालवून साखळी ताणली व तिच्यावर तळहात ठेवला. नांगर घसरत असेल तर साखळीतून खडखड जाणवते. हाताला फक्त स्थिर ताण लागला. डोलकाठीवर पांढरा दिवा लावला, किनाऱ्यावरच्या दोन दिव्यांच्या दिशा होकायंत्रावरून वहीत टिपल्या आणि रात्री बाहेर पडावे लागलेच तर कोणत्या दिशेने जायचे, तेही लिहून ठेवले.

अडीच वाजता उठलो. वारा जमिनीकडून वाहत होता आणि होडीने तोंड फिरवले होते. वहीत टिपलेल्या दिव्यांच्या दिशांमध्ये होडी वळल्यामुळे पडावा तेवढाच फरक पडला होता, म्हणजे नांगर जागेवरच होता. पुन्हा तळहात साखळीवर ठेवून पाहिला, आणि खाली येऊन उजाडेपर्यंत झोपलो.