गिरणीतून बोलतेयस का?

सकाळी ऑफिसला जाताना मी गाडीतूनच आईला फोन लावते. तिकडे दिवेलागण झालेली असते, तिला बोलायला निवांत वेळ असतो. नवीन गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अगं, गिरणीतून बोलतेयस का?"

नवीन म्हणजे मला नवीन. २०१३ ची सायन एफआर-एस, तिसऱ्या हाताची. टोयोटा आणि सुबारूनं मिळून केलेली दोन दारांची गाडी, दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर, वजन जेमतेम साडेबाराशे किलो. वजन इतकं कमी ठेवायचं तर आवाज अडवणारं सामान बेताचंच असणार, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. त्यात मी राहते ह्यूस्टनजवळ केटीला. इथले हायवे काँक्रीटचे, आणि टायरला पकड मिळावी म्हणून त्यांवर आडव्या खाचा पाडलेल्या. ताशी ६५ मैलांना त्या खाचांचा एकसुरी हुंकार सुरू होतो, आणि त्याखाली डिकीतून येणारी धुमधुम वेगळीच.

पत्र्याची थरथर दाबणाऱ्या ब्यूटाइल रबराच्या चिकट शीट्स मागवल्या. दोन मिलिमीटर जाड, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. ३६ चौरस फुटांचं खोकं उचलताना दहा किलो तांदळाची आठवण झाली. व्हिडिओत सगळे दारांपासून सुरुवात करतात म्हणून मीही पहिला शनिवार दारांवर घालवला. खालची पाणी निथळायची भोकं तेवढी मोकळी ठेवली. दार लावताना आधी 'खण्ण' व्हायचं, ते आता 'ठप्प' व्हायला लागलं. खूश होऊन पन्नासदा तरी उघडझाप केली असेल. सोमवारी आई म्हणाली, "गिरणी चालूच आहे."

मग जरा डोकं लावलं. दुसऱ्या शनिवारी मागची सीट काढली, डिकीतलं कार्पेट आणि स्टेपनी बाहेर ठेवली, आणि माठ घेताना वाजवून बघतो तसा पत्रा बोटांनी वाजवत गेले. कडेला, जिथे पत्रा दुमडलेला आहे, तिथे आवाज बद्द. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि मागच्या चाकांवरच्या कमानींवर मात्र अगदी डब्यासारखा. डिकी आणि सीट यांच्यामध्ये आडोसा असा काही नाहीच, म्हणजे तो डबा थेट माझ्या पाठीशी वाजत होता.

पत्रा अल्कोहोलनं पुसला, शीटचे तुकडे कापले आणि छोट्या रोलरनं दाबून बसवले. पोळी लाटायचा हात इथे कामी येतो, फक्त जोर भाकरी थापायचा लावायचा. हातमोजे घाला. त्या ॲल्युमिनियमच्या कडेनं माझी तर्जनी अशी चिरली की आठवडाभर टायपिंग नऊ बोटांनी. आणि सगळा पत्रा मढवायची गरज नसते. सपाट भागाच्या मधोमध पाव हिस्सा झाकला तरी त्याचं थरथरणं बसतं. पण ब्यूटाइलचं काम तेवढंच. हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणून कमानींवर आणि खड्ड्यावर आधी फोम आणि त्यावर जड व्हायनिल अंथरलं, सांध्यांना फट न ठेवता. पुढच्या सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात, तिथे मी हात घातला नाही.

या खटाटोपात बॉनेटखाली एक गंमत सापडली. इंजिन हवा ओढतं तो आवाज मुद्दाम आत, माझ्या कानाशी आणून सोडणारी एक नळी कंपनीनंच बसवलेली आहे! मी पैसे मोजून आवाज बाहेर घालवतेय, आणि ही पाहुण्यासारखी त्याला आत बोलावतेय. नळी राहू दिली. मला रस्ता नको होता, इंजिन हवंच होतं.

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपनं त्याच पट्ट्यात, त्याच वेगाला आधी ७६ डेसिबल दाखवले होते, आता ७३. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी, पण कानाला निम्मं वाटायला दहा उतरावे लागतात. धुमधुम मात्र गेली. हुंकार उरला होता तो टायरचा. दोन महिन्यांनी झिजलेले टायर बदलून शांत जातीचे घातले, तेव्हा तोही बराच उतरला. खरं तर पैसे आधी तिथेच घालायला हवे होते, दारांवर नव्हे.

परवा आईशी बोलता बोलता मी लेन बदलली.

"ते टिकटिक काय वाजतंय गं?"

"इंडिकेटर."

"हा आधी नव्हता का गाडीला?"