पेज पिऊन आलात तरी चालेल

बाळंतपणानंतर पडलेली वार (प्लॅसेंटा) ट्रेमध्ये ठेवली की तिच्या दोन बाजू लगेच ओळखू येतात. आईकडची गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खंडांची. बाळाकडची गुळगुळीत, निळसर, नाळेपासून चहूकडे रक्तवाहिन्या पसरलेली. वजन साधारण 500 ग्रॅम. गरोदरपणातली साखर समजायची तर या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

हॉर्मोन रक्तात कितीही असो, पेशीवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून धरणारं प्रथिन, नसेल तर पेशीला त्याचा पत्ताच लागत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत वारेतले इन्सुलिन रिसेप्टर मुख्यतः आईच्या रक्तात भिजणाऱ्या बाहेरच्या थरावर असतात. दिवस भरत येतात तसे ते बहुतांशी बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर सापडतात. म्हणजे आधी वार आईच्या इन्सुलिनचं ऐकते, नंतर बाळाच्या.

आईचं इन्सुलिन वार ओलांडून जवळपास जातच नाही. साखर मात्र ग्लुट-1 या वाहक प्रथिनातून सरळ पलीकडे जाते, तिला इन्सुलिन लागत नाही. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते, त्याचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करतं आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते. त्यात वारेचीच हॉर्मोन्स आईच्या स्नायूंवर इन्सुलिनचा असर कमी करतात. उकड्या तांदळाने साखर वाढत नाही, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तोही भातच, ताटात किती वाढला ते बघा.

म्हणून दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत साखर तपासून घ्या. 24 ते 28 आठवड्यांतली तपासणी ही दुसरी, आणि दोन्हींत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून सकाळची बस धरून येणाऱ्या बाईने उपाशी राहायची गरज नाही, पेज पिऊन आलात तरी चालेल. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिलीलीटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर झाली तर तीच पुढे चालू ठेवायची. घोट घोट करत अर्धा तास पीत बसलात किंवा रक्त द्यायला तीन तास लावलेत, तर आकडा फसवा येतो.

निदान झालं की आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. जेवणानंतर दोन तासांची साखर तरीही 120 किंवा वर राहिली, तर औषध किंवा इन्सुलिन.

प्रसूतीनंतर वार पडली की तिची हॉर्मोन्सही गेली. आईची इन्सुलिनची गरज काही तासांतच झपाट्याने उतरते, म्हणून कालचाच डोस चालू ठेवणं धोक्याचं. बाळाचं उलट होतं: नाळ कापली की साखर बंद, पण अंगात इन्सुलिन जादाच. ती घसरण टाळायला बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजायचं आणि त्याची साखर तपासत राहायचं.