जिन्याच्या दाराला कुलूप नको

परवा रात्री लाइट गेली, लिफ्ट बंद, म्हणून आईला घेऊन सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरलो, तिचा गुडघा दुखतो त्यामुळे एकेक पायरी, माझ्या हातात मोबाइलचा टॉर्च. खाली पोचलो तर जिन्यातून बाहेर पडायच्या दाराला बाहेरून कुलूप! दार वाजवलं, हाका मारल्या, वॉचमनकाका धावत आले, जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघता बघता चौथी लागली. आई भिंतीला टेकून उभी. तेव्हा फक्त अंधार होता, धूर असता तर काय झालं असतं हे अजून डोक्यातून जात नाही.

कुलूप का लावलं तर खालून दोन सायकली चोरीला गेल्या. भीती खरी आहे, मान्य. पण नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्पष्ट आहे की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. दिल्लीच्या उपहार थिएटरला १३ जून १९९७ ला आग लागली, ५९ माणसं गेली, बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडायला मोकळी वाटच नव्हती, दारं बंद होती. त्यातले बहुतेक धुराने गुदमरून गेले.

चोर बाहेर आणि माणसं मोकळी, हे दोन्ही जमतं की. पॅनिक बार म्हणून आडवी दांडी मिळते, बाहेरून दार बंद, आतून नुसतं अंगाने ढकललं तरी उघडतं, म्हणजे गर्दीत, अंधारात कडी शोधत बसायला नको. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला १९०३ च्या डिसेंबरमध्ये आग लागली, ६०० वर माणसं गेली, त्यानंतर ही दांडी आली, आणि ती बनवायच्या मागे लागलेला कार्ल प्रिंझलर त्या दिवशी त्याच खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे मजले फिरलो. जिन्याकडे जायचं फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारं दार, आपोआप मिटावं म्हणून वर क्लोजर असतो, पण पाचव्यावर दाराखाली पेपराची घडी खुपसलेली, तिसऱ्यावर तुळशीची कुंडी टेकवलेली, हवा यावी म्हणून. दार उघडं राहिलं की जिना धुराड्यासारखा धूर ओढतो आणि उतरायची वाटच जाते. घडी काढली, कुंडी काकूंना सांगून खिडकीत ठेवली, त्या लगेच हो म्हणाल्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांचीच आहे, जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचं लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कमिटीला तेच लिहून दिलं. कुलूप त्याच दिवशी निघालं, दांडीचं कोटेशन मागवलंय.

आणि आमच्या सेफ्टी डोअरला रात्री आतून किल्ली फिरवून ती कपाटात ठेवायची आईची सवय होती. काल तिथे आतून नॉब फिरवून उघडणारं लॉक बसवून घेतलं, आईने दिवे बंद करून स्वतः तीनदा उघडून बघितलं.