मामांचं कोपर आणि आठ स्टिकर

आमचे हे पेशंट कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन जायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचा हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, तरुणपणी तालीम केलेला गडी. पॅरालिसिसचा झटका येऊन पाच महिने झालेले, उजवा हात गेलेला. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीपण.

मी राजारामपुरीत फिजिओथेरपी करते. हात किती सुधारला हे बघायला आम्ही फ्युगल-मायर नावाची टेस्ट घेतो, १९७५ सालची, स्वीडनमधली. प्रत्येक हालचालीला शून्य, एक नाहीतर दोन मार्क, हाताचे एकूण ६६. मामा दीड महिना २८ वरच होते. समोरचा ग्लास घ्यायला हात उचलला की कोपर मुडपायचं, हात ग्लासाकडं जायच्या ऐवजी छातीकडंच यायचा आणि मग मामा कमरेतून वाकून, सगळं अंग पुढं ढकलून ग्लास गाठायचे. "ताकद कमी पडाय लागलीया मॅडम" असं म्हणून घरी डाव्या हातानं धरून धरून हात वर उचलायचा जोर मारायचे. मीपण त्यांना उचलायचाच व्यायाम दिलेला, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

त्या दिवशी ओळखीतला एक इंजिनिअर मुलगा ईएमजीचं मशीन घेऊन आला. कातडीवर स्टिकर लावायचे, आतला स्नायू कधी आणि किती काम करतो ते स्क्रीनवर दिसतं. आठ जागा ठरवल्या: खांद्याच्या डेल्टॉइडचे पुढचा, मधला, मागचा असे तीन भाग, कोपर मुडपणाऱ्या बायसेप्सचा एक, कोपर उघडणाऱ्या ट्रायसेप्सचे दोन, कोपराखालचा एक आणि छातीचा एक. पण स्टिकर चिकटंनातच, कारण सूनबाई रोज सकाळी तेलानं मालिश करून आणायच्या! केस काढले, तीनदा स्पिरिटनं पुसलं, तेव्हा कुठं बसले. छातीच्या रेषेत ठरावीक अंतरानं टोकं उठत होती, मामा म्हणाले हे काय टकटक करतंय, म्हटलं ते तुमचं काळीज मामा, ते चालू राहू दे, हिशोबातनं आम्ही बाजूला काढतो.

आधी डावा हात, मग उजवा. यामागचं तत्त्व असं की मेंदू एकेका स्नायूला वेगळा हुकूम देत बसत नाही असं मानतात, लेझीम पथकात कसं एका शिट्टीवर अख्खी रांग डाव बदलते तसं गटागटानं काम चालतं. इतके सांधे आणि इतके स्नायू मेंदू सांभाळतो कसा, हा प्रश्न बर्नस्टाईन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं मांडला होता, हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली त्यानं मोजल्या होत्या. आता कॉम्प्युटर आठ रेषा घेऊन त्यात किती गट आहेत ते वेगळं काढून देतो. मामांच्या डाव्या हातात चार गट निघाले आणि उजव्यात तीनच, दोन गट एकमेकांत मिसळून गेलेले. २०१२ साली चेउंग आणि बिझ्झी यांच्या टीमनं हेच छापलं होतं, झटक्यानं हात जास्त गेला असेल तर गट असे मिसळलेले दिसतात आणि झटक्याला बरीच वर्षं झाली की काही गटांचे तुकडेही पडतात.

स्क्रीनवर ते इतकं स्वच्छ दिसत होतं! हात उचलला की डेल्टॉइडचे तिन्ही भाग एकदम उठायचे आणि त्याच क्षणी बायसेप्सची रेषा त्यांच्याबरोबर चढायची, म्हणजे जेवढा जोर लावून उचलणार तेवढं कोपर मिटणार. मामा दीड महिना घाम गाळून नेमकं तेच करत होते.

मग मी हात टेबलावर ठेवला, खाली टॉवेल, वजन सगळं टेबलावर, म्हटलं मामा आता उचलू नका, नुसता पुढं सरकवा. बायसेप्सची रेषा खाली बसली, ट्रायसेप्स चढला आणि कोपर उघडलं. पूर्ण नाही, पण झटका आल्यापासून पहिल्यांदा, कंबर न वाकवता. सूनबाई उभ्याच राहिल्या तोंडावर पदर धरून. मामांनी परत केलं, परत केलं, मलाच थांबवावं लागलं.

नुसते मार्क बघून हे मला कधीच कळलं नसतं, २८ म्हणजे २८. ट्रायसेप्स मेलेला नव्हता, खांद्याचं ओझं आलं की त्याला वावच मिळत नव्हता. त्या दिवसापासून उचलायचा व्यायाम बंद, आधी टेकवून सरकवायचं आणि टेकू हळूहळू कमी करत न्यायचा. मशीन महाग आहे, प्रत्येक पेशंटला लावता येत नाही हे मान्य, पण ज्याचे मार्क हलतच नाहीत त्याला एकदा तरी लावून बघावं असं मला मनापासून वाटतं.

पंधरा दिवसांनी मार्क ३१. मी टेबलावरचा व्यायाम घरी किती वेळा होतो विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, "टेबलावर कुठलं ओ मॅडम, गोठ्यात जात्यात, म्हशीच्या पाठीवर हात टाकत्यात आणि पार शेपटापतोर चोळत नेत्यात, सकाळ-संध्याकाळ." उभ्या माणसाच्या खांद्याला म्हशीची पाठ जवळजवळ बरोबर येते. मी तो व्यायाम तसाच फाईलवर लिहून टाकला.