वळताना गाडी कुरकुरते, तेव्हा आधी काय तपासायचं

"वळताना आवाज येतो" एवढ्यावर कुठलाही पार्ट बदलू नका. स्टिअरिंग फिरवल्यामुळे येणारा आवाज वेगळा आणि गाडी वळल्यामुळे येणारा वेगळा. पहिल्यात दोष स्टिअरिंगच्या बेल्ट-पंपात, सांध्यांत किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) वरच्या टोकाला असतो, दुसऱ्यात चाक, ब्रेक किंवा ड्राइव्ह शाफ्टमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यात.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, काचा खाली घ्या, ब्लोअर बंद करा. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग इंजिन बंद करून, जड लागलं तरी, थोडं डावी-उजवीकडे हलवा. इंजिन बंद असतानाही तोच आवाज आला, तर बेल्ट आणि पंप यादीतून गेले.

फक्त इंजिन चालू असताना, तेही स्टिअरिंग टोकाला गेल्यावर "चींऽऽ" असं किंचाळत असेल, तर हायड्रॉलिक स्टिअरिंगचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचा, पंप फिरवणारा बेल्ट घसरतोय. टोकाला पंपातला दाब सर्वात जास्त असतो आणि सैल बेल्टला ती ओढ पेलत नाही. (म्हणूनच स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये.) बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा, पण हात आणि कपडे लांब ठेवून. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला, तर पुली एका रेषेत नाहीत किंवा बेल्टचा पृष्ठभाग गेलाय. तेल लागलेला बेल्ट मात्र बदलायचाच, आणि त्याआधी गळती बंद करायची. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगला पंपाचा बेल्टच नसतो.

आता सर्वात जास्त चुकणारी जागा. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर स्ट्रट आणि स्प्रिंगही फिरतात. ते सहज फिरावेत म्हणून वरच्या माउंटखाली (स्ट्रट गाडीला जिथे बसतो त्या रबरी बैठकीखाली) एक चपटं बेअरिंग असतं. त्यात पाणी-धूळ जाऊन ते जाम झालं, की स्प्रिंगचं खालचं टोक फिरतं आणि वरचं अडकून राहतं. स्प्रिंग पिळली जाते, मग पीळ एकदम सुटतो: आधी करकर, नंतर "टंग्". वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कां-कूं करत असेल, तर संशय आणखी पक्का.

खात्री हातानेच होते. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग अगदी हळू फिरवायला सांगा आणि बोटांची टोकं स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये किंवा टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालायचा नाही. चांगली स्प्रिंग एकसंध सरकते. जाम बेअरिंगवरची थांबते, ताणते आणि उडी मारते; ती उडी बोटांना स्पष्ट कळते.

वरून तेल सोडून उपयोग नाही, ते बेअरिंगच्या आत पोचत नाही. स्ट्रट उतरवावा लागतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग इतकी दाबायची, की ती वरच्या बैठकीवरून मोकळी झाली पाहिजे. त्यानंतरच मधला नट सोडायचा. न दाबता नट सोडला तर माउंट जीवघेण्या जोराने उडतं. कॉम्प्रेसर चांगला नसेल तर हे काम गॅरेजकडेच द्या. नट सोडताना शॉकअबचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका. त्यावर चरा उठला की सील फाटून तेल गळू लागतं. जोडताना स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसवा, नाहीतर नवं बेअरिंग घालूनही आवाज राहतो. माउंटच्या रबराला भेगा असतील तर तेही बदला, शक्यतो दोन्ही बाजूंचं. काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या.

वळवताना आणि खड्ड्यातही कोरडी करकर येत असेल, तर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालून धरणारा गोल सांधा, बघा. बहुतेक वेळा रबर बूट (सांध्यावरचं आवरण) फाटून ग्रीस धुऊन गेलेलं असतं. सुईने बुटात थोडं ग्रीस भरल्यावर आवाज गेला, तर निदान झालं, दुरुस्ती नाही. जॉइंट बदलाच. गाडी जॅकस्टँडवर घेऊन टायरखाली पहार घालून उचलल्यावर ढिलेपणा दिसला, तर गाडी चालवू नका. हा सांधा निसटला तर चाक आडवं होतं.

आवाज पायाजवळून, केबिनच्या आतून येत असेल, तर स्टिअरिंगचा दांडा जिथून इंजिनकडे जातो तिथलं रबर तपासा. तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या तेलाने दोन दिवस शांतता मिळते, पण रबर फुगतं.

चालत्या गाडीत कान जरा वेगळा लावा. ब्रेकवर हलका पाय ठेवताच चिरचिर थांबली किंवा बदलली, तर पॅड झिजलेत. एकाच बाजूला वळताना पत्र्यासारखी खरखर आली, तर ब्रेकच्या डिस्कमागचा पत्रा घासतोय किंवा त्यात खडा अडकलाय. खडा काढून पत्रा दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवला की काम झालं. डावीकडे वळताना घूंऽऽ वाढत असेल, तर आधी उजव्या चाकाचं बेअरिंग बघा, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. फक्त गुळगुळीत फरशीवर टायर चिरकत असतील, तर हवा तपासा. बाकी दोष नसतो.

कट-कट-कट आवाज, तोही स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर, म्हणजे सीव्ही जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचा चाकाजवळचा सांधा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. नुसता बूट फाटलाय आणि आवाज अजून नाही, तर जॉइंट धुऊन नवा बूट आणि नवं ग्रीस पुरतं. कटकट सुरू झाल्यावर ग्रीस भरून ती जात नाही, जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो.