तुम्ही विचारलंत म्हणून: मायनस सहाशेचं पाणी

"पेन बुडवलं की मायनस सहाशे येतं, म्हणजे पाणी चांगलंच ना?" लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचा फोटो टाकून, सगळीकडून हेच. पेन म्हणजे पेनासारखं ओआरपी मीटर, पाण्यातल्या पदार्थांचा इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याचा कल ते मिलिव्होल्टमध्ये दाखवतं. आणि पाणी म्हणजे आयोनायझरचं, म्हणजे वीज सोडून पाणी अल्कधर्मी करणाऱ्या मशीनचं, ज्यात थोडा हायड्रोजन वायूही विरघळतो. पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतो एवढाच माझा गुन्हा. आता एकदाच लिहून ठेवतो, यापुढे जो विचारेल त्याला हेच वाचायला देणार.

पहिलं म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. पूर्वीचा मी "ओआरपी म्हणजे थोतांड" म्हणून मोकळा व्हायचा, त्याच्याशी माझं आता पटत नाही. स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन नीट काम करतंय का हे याच आकड्यावरून बघतात, साडेसहाशेच्या वर ठेवतात, प्लस साडेसहाशे. म्हणजे आकडा कामाचा आहे. फक्त तो कुणाचा आहे ते विचारायचं.

तुमच्या आयोनायझरच्या पाण्यात तो हायड्रोजनचा असतो, बाकी कुणाचा नाही. पेनच्या टोकाला प्लॅटिनम असतं आणि प्लॅटिनमवर हायड्रोजन लगेच इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, उलट ऑक्सिजन तिथे कमालीचा सुस्त. २५ अंशाला उघड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, त्याच्यापुढे हायड्रोजन अगदी किंचित असला तरी आकडा हायड्रोजनच ठरवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शंभर जण गप्प आणि एकाच्या हातात माईक, तसं.

बरं, "जास्त मायनस म्हणजे जास्त हायड्रोजन" हेही नाही. हायड्रोजन दहापट झाला की आकडा जेमतेम ३० मिलिव्होल्ट हलतो, पण पीएच एकने वाढला की ५९. हिशोब करून बघा. पीएच ७ चं पाणी हायड्रोजनने पूर्ण भरलेलं, लिटरला साधारण १.६ मिलिग्रॅम, तर पेनवर मायनस ६१० च्या आसपास यायला हवं. आणि पीएच ९.५ चं पाणी, त्यात हायड्रोजन याच्या शंभरावा हिस्सा, तर मायनस ७००. शंभरपट कमी माल आणि आकडा भारी! हे मी कितीदा सांगितलंय. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "पण सातशे आलं ना?"

आता साडूंच्या घरचं सांगतो, कारण त्यावरून नातेवाइकांत मी "तो डेमो बिघडवणारा" झालोय.

साडूंनी मशीन घेतलं होतं, लाखाच्या वरचं, आणि ते पुढे विकतही होते. रविवारी हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, टीपॉयवर काचेचे ग्लास. नळाचं पाणी प्लस ३१०. मशीनचं मायनस ६४०, पीएच ९.४. सगळे "अरे वा". मी गप्पच बसणार होतो, खरंच, पण समोरच्या आजोबांनी विचारलं की बीपीची गोळी बंद केली तर चालेल का, आणि साडू नुसते हसले, नाही म्हणाले नाहीत. मग मी उठलो. आतून दोन पातेली मागवली आणि तेच मशीनचं पाणी वरून खाली, वरून खाली ओतत राहिलो. मायनस ६४० चं मायनस २८०, मग मायनस ९०, मग प्लस. पीएच तिथेच, ९.३. क्षार तेच, पाणी तेच, फक्त वायू उडून गेला. मग पेन धुऊन नळाच्या पाण्यात घातलं तर तिथे बराच वेळ मायनसच दाखवत होतं, कारण प्लॅटिनमला चिकटलेला हायड्रोजन लगेच सुटत नाही, आणि एक काकू म्हणाल्या, "मग आमचं नळाचंच बरं की!" लोक हसले. तिथेच थांबायला हवं होतं असं बायको म्हणते. मी थांबलो नाही. खिशात लॅबमधली मॅग्नेशियमची पट्टी होती (हो, मुद्दाम नेली होती), ती घासून नळाच्या पाण्यात टाकली, दोन थेंब लिंबू. पट्टीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे आले आणि पेन घसरत घसरत मायनस तीनशेच्या खाली गेलं.

कुणी काही बोललं नाही. चहा न घेता निघाले बरेच जण.

नंतर स्वयंपाकघरात साडू म्हणाले, "साडूभाऊ, हे फोनवर सांगता आलं असतं." आलं असतं. पण आजोबा फोनवर नव्हते.

मग ते म्हणाले, "म्हणजे पाण्यात हायड्रोजन आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. मी तेच तर विकतोय." मी म्हटलं, किती आहे ते पेन सांगत नाही, त्याला मेथिलीन ब्लूच्या थेंबांची टेस्ट लागते, हायड्रोजनने किती निळ्या थेंबांचा रंग उडतो ते मोजायचं. ते म्हणाले, करू. त्यांनी खरंच केली, आणि ताज्या ग्लासात थोडा हायड्रोजन निघाला. त्याने शरीराला काय होतं हा माझा प्रांत नाही, मी इलेक्ट्रोडपुरतं बोलतो. पण आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला पीएच ६.५ ते ८.५ दिलाय आणि ओआरपीची मर्यादाच नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

आणि "तुमच्या बोअरच्या रिपोर्टात ओआरपी का नसतो" म्हणणाऱ्यांसाठी: बाटलीत भरून आणलेल्या पाण्याचा ओआरपी मी देत नाही. लोह असलेलं बोअरचं पाणी जमिनीखाली जवळपास ऑक्सिजनशिवाय असतं, बादलीत पडलं की काही मिनिटांत आकडा शंभर-दीडशेने चढतो, सिलिकॉनच्या नळीतूनसुद्धा ऑक्सिजन आत शिरतो. मोजायचं तर पंपाला बंद सेल, म्हणजे हवा न लागणारं भांडं, जोडून, जागेवर. झोबेलच्या द्रावणात (ठरलेला आकडा देणारं, मीटर तपासायचं द्रावण) इलेक्ट्रोड बरोबर दाखवतो म्हणून बोअरमध्येही बरोबर दाखवेल असं नाही, ते द्रावण सरळमार्गी आहे, जमिनीतलं पाणी नाही. लिंडबर्ग आणि रनेल्स यांनी १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये हेच दाखवलं, एकाच भूजलातल्या इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या वेगवेगळ्या रासायनिक जोड्यांवरून काढलेले आकडे एकमेकांपासून शेकडो मिलिव्होल्ट लांब.

साडू अजून मशीन विकतात. डेमोत पेन असतंच, हल्ली सोबत निळे थेंबही असतात, आणि आकडा विचारला की ते माझं नाव सांगतात, "आमचे साडू लॅबमध्ये आहेत, त्यांनीच सिद्ध करून दिलंय." तेव्हा त्यांच्याकडून नंबर घेऊन मला फोन करणाऱ्यांनो, हायड्रोजन आहे असं मी म्हणालोय. गोळी बंद करा असं म्हणालेलो नाही.