लिव्हर बदलली, तरी बोट रेस घेईना

बोट जूनपासून झापांखाली होती. सप्टेंबरात मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पाण्यात उतरवली, तेव्हा पहिल्या चावीला इंजिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी आठ पर्यटक घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला गेलो. परतताना रेसची लिव्हर अर्ध्याच्या पुढे ढकलली आणि आवाज एकदम बसला. पिवळा दिवा लागला, आरपीएम ६५०. लिव्हर पुढे-मागे करा, काही फरक नाही.

बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "बंद पडूक नाय, पण उठणा पण नाय." त्या भागात पाण्याखाली खडक आहेत, त्यामुळे रांगत रांगत जेटीला पोहोचेपर्यंत माझं लक्ष पर्यटकांपेक्षा पाण्याच्या रंगावर जास्त होतं. चावी बंद करून पुन्हा सुरू केली, तर सगळं ठीक!

पूर्वीच्या इंजिनाला लिव्हरपासून डिझेल पंपापर्यंत लोखंडी केबल असायची. ती तुटली तर खलाशी खाली वाकून हाताने रेस द्यायचा. आता लिव्हरच्या पोटात सेन्सर असतो. तो लिव्हर कुठे आहे ते व्होल्टमध्ये सांगतो आणि किती डिझेल मारायचं ते इंजिनाचा कंट्रोलर ठरवतो. सेन्सरच्या बोलण्यावर विश्वास उडाला की कंट्रोलर इंजिन थेट आयडलवर, म्हणजे रेस न देता चालतं त्या सगळ्यात कमी वेगावर, आणतो. बोट आपोआप सुसाट सुटण्यापेक्षा हे बरंच, पण खडकांत असताना ते पटत नाही.

डिस्प्लेवर कोड होता एसपीएन ९१, एफएमआय ३. पहिला आकडा दोष कुठे ते सांगतो, दुसरा कसला ते. म्हणजे रेसच्या लिव्हरचा सिग्नल, व्होल्टेज जास्त. मी 'लिव्हर' एवढंच वाचलं. जेटीला बांधलेल्या बोटीत मीटर लावला तर आयडलला ०.९ व्होल्ट, पूर्ण पुढे ४.१, मधे कुठेही अडखळ नाही. म्हणजे लिव्हर ठीक होती. इथेच थांबायला हवं होतं. पण सीझन सुरू झालेला, रोजचं बुकिंग, आणि फोनवरचा मेकॅनिक ठामपणे म्हणाला, "लिव्हरच गेली." नवी मागवली, बसवली. दुसऱ्याच दिवशी तोच दिवा, तोच कोड.

मग ठरवलं, चालत्या बोटीतच मोजायचं. आईच्या शिवणाच्या डब्यातली बारीक टाचणी घेतली. कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने ती आत सरकवली. वायरीच्या कातड्याला भोक पाडायचं नाही, खारं पाणी तिथूनच शिरतं. मीटरचं मिन-मॅक्स बटण दाबलं, म्हणजे किमान आणि कमाल आकडा मीटरच लक्षात ठेवतो, कारण डोळ्यांना दिसण्याआधीच आकडा उडून जातो. तांडेल बोट चालवतोय, मी पॅनेलखाली गुडघ्यांवर, समोर डिझेलचा वास. दोन लाटा आपटल्या. आकडा पाहिला: लिव्हर आयडलला असताना कमाल ४.९६.

जवळजवळ ५, म्हणजे सेन्सरला मिळणारा पूर्ण पुरवठाच सिग्नलवर उतरला होता. असं दोन कारणांनी होतं. सिग्नलची वायर पुरवठ्याच्या वायरीला चिकटली, किंवा सेन्सरची रिटर्न, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणारी वायर, तुटली. रिटर्न तुटली की सेन्सरमधून व्होल्टेजला खाली उतरायला वाटच राहत नाही, सगळं सिग्नलवर चढतं. म्हणजे कोड 'जास्त' म्हणतो आणि प्रत्यक्षात काहीतरी तुटलेलं असतं!

जेटीला परत येऊन दोष पुन्हा दिसेपर्यंत वायरिंग हलवत बसलो. आकडा वर चढला तसा लिव्हरचा कनेक्टर काढला. वायरी एकमेकींना चिकटलेल्या असत्या तर आकडा वरच राहिला असता. सिग्नल शून्यावर आला, म्हणजे चिकटलेलं काही नाही. कनेक्टर परत जोडला. मीटरची काळी टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल रिटर्नच्या पिनला. इथे जवळपास शून्यच दिसायला हवं. पॅनेलमागचा वायरींचा जुडगा मुठीत धरून हळूच हलवला, आणि आकडा उडाला. एका वेळी एकच वीतभर तुकडा हलवत गेलो.

पॅनेलमागे, पार्टिशनच्या भोकाच्या थोडं अलीकडे, काळ्या टेपची गाठ होती. मागे कुणीतरी म्युझिक सिस्टीम बसवताना चुकीची वायर कापली होती आणि नुसती पीळ देऊन घरगुती टेप गुंडाळला होता. टेप सोडला तर आत हिरवी भुकटी. तांबं हिरवं, पुढे वीतभर आतपर्यंत काळं. सोलत गेलो तरी चकचकीत तांबं येईना. साध्या तांब्याची वायर होती, आणि ओल ती वातीसारखी आत ओढून घेते. पावसाळाभर झापांखालच्या दमटपणात ती पिकत बसली होती.

काळा भाग संपेपर्यंत वायर कापली. मधे कथिलाचा मुलामा असलेली वायर घातली, जोड पक्कडीने दाबून क्रिम्प केलं, वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब गरम करून बसवली. वायर कडेला घासू नये म्हणून भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी, लावला. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली झोळ ठेवला, म्हणजे पाणी झोळातून गळेल, पिनांत जाणार नाही. टेपच्या आणखी दोन गाठी सापडल्या, त्याही काढल्या.

मग जुनी लिव्हर परत बसवून मिन-मॅक्सवर पुन्हा फेरी मारली. लाटा आपटल्या तरी कमाल ४.१. तांडेलाने पूर्ण रेस दिली आणि मागे न बघता म्हणाला, "आता उठता."

दुकानदार विजेचं सामान परत घेत नाही. नवी लिव्हर खोक्यासकट माळ्यावर आहे, शेजारी जाळ्यांचे फ्लोट.